काजू यायच्या आधीचा गोवा

पाऊस ओसरला की डिचोलीतल्या गावात पाट साफ करायला माणसं जमतात. तुम्हीही खोरं घेऊन उतरा. इथे मजुरी कुणी मागत नाही, पाणी सगळ्यांच्याच कुळागरात, म्हणजे माड-सुपारीच्या बागेत, जायचं असतं. गाळ उपसताना मान वर करून बघा: माडीवर, म्हणजे सुपारीच्या झाडावर, चढलेली मिरवेल, खाली केळी, बांधावर अननस, वर डोंगरावर काजू. कोपऱ्यातल्या वाफ्यात मिरचीची रोपं आहेत, बी पेडण्यातल्या हरमलचं. या मिरचीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं.

आता पाटाच्या उगमाकडे चालू लागा. प्रत्येक पावलासरशी वर्षं मागे पडतात.

आधी खाणी मिटतात. खड्डे भरतात, ओहोळाचं लाल पाणी निवळतं, कापलेले डोंगर पुन्हा उभे राहतात. १७८८ ओलांडलंत की पेडण्यात पोर्तुगीज नाहीत, सावंतवाडीकर भोसले आहेत. १७८१ च्या पलीकडे डिचोलीही अजून पोर्तुगीजांकडे गेलेली नाही. १६७५ साली वाट थोडी दक्षिणेला, कोचीनला वळते. तिथे रंगभट, विनायक पंडित आणि आपा भट हे तीन वैद्य ‘होर्तुस मलबारिकुस’ या वनस्पतींवरच्या ग्रंथासाठी आपली ग्वाही नागरी अक्षरांत, कोकणीत लिहून देत आहेत. त्यांचे पूर्वज गोव्यातून गेलेले. घरदार सुटलं, झाडांची ओळख सुटली नाही.

१५६३ मध्ये मात्र थांबा. जुन्या गोव्यात गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ नुकताच छापून निघालाय. सगळा ग्रंथ संवादांचा आहे. बोलता बोलता तो अंतोनिया या दासीला हाक मारतो आणि ती हवी ती वस्तू आणून पुढ्यात ठेवते. मला ओर्तापेक्षा तिच्यामागे बागेत जावंसं वाटतं. कुठला पाला कधी खुडायचा हे हाताला ठाऊक असलेलं माणूस ते. ग्रंथात आंबा आहे, सुपारी आहे, भिरंड म्हणजे कोकम आहे. काजूचं नाव नाही.

आणखी शंभर वर्षं मागे जा, मग त्याच कुळागरात परत या. मिरचीचा वाफा मोकळा आहे. अननस नाही, पपई नाही, पेरू नाही, डोंगरावर काजू नाही. जेवायला बसून मिरची मागितलीत तर वाढणारी बाई तुमच्याकडे बघतच राहील. तिखट म्हणजे मिरी, आलं आणि तिरफळ. तरीही बाग ओसाड वाटत नाही. माड, माडी, फणस, हळद जागच्या जागी आहेत. आणि कुळागर संपतं तिथून सुरू होणाऱ्या राईत कांगलां लोंबतायत, कुड्याला शेंगा धरल्यायत, उंच झाडावर चढलेल्या वेलीला कवंडळाची लालभडक गोल फळं लागलीयत.

चतुर्थीला गणपतीच्या वर माटोळीत, त्या टांगलेल्या चौकटीत, तुम्ही जे बांधता, त्यातलं कितीतरी हेच. ही झाडंवेली कुणी लावली नाहीत, म्हणून त्यांना राखायचं कुणाला सुचलं नाही. डोंगर खाणीत गेला तशी ती गेली, आणि आता डिचोलीच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या दिवशी लोक ती विकत घेतात.

हरमलच्या मिरचीला आज वाली आहे. कवंडळाला नाही. पाटावर जमलेल्या मंडळींनी ते काम अंगावर घ्यावं. देवळाच्या आवारात, शाळेच्या कुंपणाशी, जिथे वेलीला चढायला मोठं झाड असेल तिथे बी टाका. पहिली काही वर्षं माटोळीसाठीसुद्धा फळ तोडू नका, पिकून खाली पडू द्या.