चित्र कुणाचं, चॅनेल कुणाचं?

१४ फेब्रुवारी १९६६ रोजी ऑस्ट्रेलियात पौंड-शिलिंग गेले आणि डॉलर आला. एक डॉलरच्या नव्या कोऱ्या नोटेच्या मागच्या बाजूला झाडाच्या सालीवरच्या एका आदिवासी चित्रातल्या आकृत्या छापलेल्या होत्या. एका पूर्वज शिकाऱ्याच्या अंत्यविधीचं ते चित्र. त्याचा फोटो पॅरिसच्या एका संग्रहालयाकडून आला होता. चित्रकार कोण, हे रिझर्व्ह बँकेत कुणी विचारलं नाही. असल्या चित्राला नाव नसतंच आणि ते काढणारा कधीच मरून गेलेला असणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं.

चित्रकार जिवंत होता. डेव्हिड मलांगी त्याचं नाव. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अर्नहेम लँडमध्ये तो राहत होता आणि चित्रं काढत होता. नोट पाहिल्यावर त्याच भागातल्या एका शाळामास्तरांच्या लक्षात आलं, हे तर मलांगीचं काम! बोभाटा झाला. मग बँकेचे गव्हर्नर कूम्ब्स यांनी १९६७ मध्ये मलांगीला १,००० डॉलर, एक पदक आणि मासेमारीचं साहित्य दिलं.

मासेमारीचं साहित्य! वाचताना हसू येतं खरं. पण ऑस्ट्रेलियात आदिवासी कलावंताच्या कॉपीराइटची चर्चा सुरू झाली ती इथूनच. सरकारनं काही वाईट हेतूनं हे केलं नव्हतं. उलट आदिवासी कलेचा मान ठेवावा म्हणूनच नोटेवर ते चित्र घेतलं होतं. फक्त विचारायचं राहून गेलं. पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत हे 'विचारायचं राहून जाणं' पुन्हा पुन्हा घडत गेलं. कधी चित्राच्या बाबतीत, कधी टीव्हीच्या.

टीव्हीची गोष्ट आधी पाहू. अ‍ॅलिस स्प्रिंग्जपासून वायव्येला सुमारे ३०० किलोमीटरवर, वाळवंटात युएन्डुमू नावाची वार्लपिरी लोकांची वस्ती आहे. ऑगस्ट १९८५ मध्ये ऑसॅट हा ऑस्ट्रेलियाचा पहिला दळणवळण उपग्रह अवकाशात गेला. त्याच्यामुळे अशा दूरच्या वस्त्यांत पहिल्यांदाच टीव्ही पोचणार होता. आपल्याकडे त्याआधी दहा वर्षं, १९७५-७६ मध्ये, 'साइट' प्रयोगानं सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहाचा टीव्ही नेला होता. तसंच काहीसं. पण युएन्डुमूच्या म्हाताऱ्यांना धाक होता वेगळाच. दिवसभर घरात इंग्रजी वाजत राहिलं तर पोरं आपली भाषा बोलणार कधी?

त्यांनी उपग्रहाची वाट पाहिली नाही. आधीच व्हिडिओ कॅमेरे हाती घेतले होते. एप्रिल १९८५ मध्ये एक छोटासा ट्रान्समीटर लावून त्यांनी स्वतःचं प्रक्षेपण सुरू केलं. लायसन्स नव्हतं, त्यामुळे कायद्याच्या भाषेत ही चोरीच. फ्रान्सिस जुपुरूर्ला केली हा त्यातला मुख्य माणूस. एरिक मायकल्स हा अमेरिकन अभ्यासक तेव्हा तिथे राहून हे सगळं बघत होता. त्यानं १९८६ मध्ये जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा, की या लोकांनी टीव्ही स्वीकारला नाही, त्यांनी तो नव्यानं शोधून काढला.

नव्यानं म्हणजे काय? १९२८ मध्ये त्या परिसरात कॉनिस्टन इथे आदिवासींचं हत्याकांड झालं होतं. सरकारी आकडा ३१ मृतांचा, लोकांच्या आठवणीतला त्याहून मोठा. त्यावर व्हिडिओ करायचा तर कॅमेऱ्यासमोर कुणीही उभं राहून चालत नाही. ती जागा ज्याची, तोच ती गोष्ट सांगणार. आणि तो नीट सांगतोय ना, हे बघायला नात्यातली ठरावीक माणसं हजर हवीत. पडद्यावर दिसतो एकटा माणूस आणि पसरलेला माळ, पण कॅमेऱ्यामागे अख्खं गणगोत उभं असतं. शिवाय त्यातलं कुणी वारलं, तर ती टेप बाजूला ठेवायची. मेलेल्या माणसाचा चेहरा दाखवायचा नाही, नावही घ्यायचं नाही. आजही ऑस्ट्रेलियात अशा कार्यक्रमांआधी मृतांची दृश्यं व आवाज असल्याची सूचना येते, ती यामुळेच.

आता आपल्या कॉपीराइटकडे बघा. भारतात लेखक-चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो आणि मग ती कृती सगळ्यांची होते. वार्लपिरी पद्धतीत चित्र वा गोष्ट कधीच 'सगळ्यांची' होत नाही. काढणारा तिचा मालकही नसतो, राखणदार असतो. तिथे हक्क म्हणजे मुख्यतः जबाबदारी.

सरकारला हे थोडंफार कळलं. १९८७ मध्ये त्यानं वस्त्यांना प्रक्षेपणाची साधनं द्यायची योजना काढली. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम थांबवून त्या जागी आपला लावता येईल अशी ती व्यवस्था. सुमारे ८० वस्त्यांना ती मिळाली. यंत्रं आली, पण ती चालवणाऱ्यांच्या पगाराला आणि शिकवणीला पैसे अपुरे. कितीतरी ठिकाणी ती धूळ खात पडली. यंत्राचा फोटो काढता येतो, उद्घाटन करता येतं. पगार दर महिन्याला द्यावा लागतो. हे आपल्यालाही काही नवीन नाही.

जानेवारी १९८८ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून 'इम्पार्जा' हे आदिवासींच्या मालकीचं चॅनेल सुरू झालं. अर्रेर्न्टे भाषेत इम्पार्जा म्हणजे पाऊलखूण. पण चॅनेल व्यावसायिक होतं आणि जाहिरातींवर चालायचं, त्यामुळे बराचसा वेळ शहरी नेटवर्कच्या कार्यक्रमांनाच जाई. मालकी मिळाली, पडदा मात्र पुरता मिळाला नाही.

त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेनं पुन्हा आदिवासी कला नोटेवर आणली. ही १० डॉलरची प्लॅस्टिकची स्मारक-नोट. तीवर टेरी युम्बुलुल या कलावंताच्या विधीच्या खांबाचं चित्र होतं. या वेळी करारावर रीतसर सही होती. पण हा खांब पवित्र, त्याच्या कुळाच्या अखत्यारीतला. कुळानं युम्बुलुललाच धारेवर धरलं. तो कोर्टात गेला आणि १९९१ मध्ये हरला. कायद्यानुसार सही झाली म्हणजे परवानगी झाली. मात्र समाजाच्या सामूहिक हक्काची पुरेशी दखल आपल्या कॉपीराइट कायद्यात नाही, हे न्यायमूर्तींनी निकालात मान्य केलं.

तीन वर्षांनी गालिच्यांचा खटला गाजला. पर्थच्या एका कंपनीनं आदिवासी चित्रकारांची चित्रं व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर विणून घेतली होती. ती घेतली होती राष्ट्रीय संग्रहालयासारख्या संस्थांनी छापलेल्या प्रकाशनांतून. त्यात बंडुक मारिका या चित्रकर्तीचं पवित्र पाणवठ्याचं चित्र होतं. ज्या गोष्टीवर कुणाची नजरही परवानगीशिवाय पडायची नाही, तिच्यावर लोक पाय ठेवून चालणार! तिनं कोर्टाला सांगितलं, की चूक कुणाचीही असो, कुळ जाब मलाच विचारणार. आठ चित्रकारांपैकी पाच जण तोवर हयात नव्हते. डिसेंबर १९९४ मध्ये न्यायमूर्ती फॉन डूसा यांनी १,८८,६४० डॉलरची भरपाई ठरवली. सांस्कृतिक दुखापतीचा विचार भरपाईत करून त्यांनी नवा पायंडा पाडला. कंपनी दिवाळखोरीत गेली आणि पैसे काही कलावंतांच्या हाती पडले नाहीत. १९९८ मध्ये याच न्यायमूर्तींनी दुसऱ्या एका खटल्यात आणखी एक पाऊल टाकलं. चित्राचा कॉपीराइट कलावंताचाच, पण कुळाच्या हिताला बाधा येईल असा त्याचा वापर त्याला करता येणार नाही, असं ते म्हणाले.

हे वाचताना पालघर-डहाणू आठवल्याशिवाय राहत नाही. वारली लग्नातला चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. तोही विधीच, सजावट नव्हे. त्याच आकृत्या आज कुर्त्यांवर, कपांवर, मोबाइलच्या कव्हरवर दिसतात. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनानं नावाला संरक्षण मिळतं. कुठली आकृती कुणी, कुठे, कशासाठी काढावी, हे ते ठरवू शकत नाही.

ऑस्ट्रेलियात सरकारी मदत पुढे वाढत गेली. २०१० पासून चित्र १,००० डॉलर किंवा अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं, की ५ टक्के कलावंताला मिळू लागले. २००७ मध्ये चार वर्षांसाठी ४ कोटी ८५ लाख डॉलर देऊन राष्ट्रीय आदिवासी वाहिनी, 'एनआयटीव्ही', सुरू झाली. केवढी मोठी गोष्ट! पण तिला जागा देण्यासाठी उपग्रहावरची 'आयसीटीव्ही' ही वाहिनी हटवली गेली. वस्त्यांनी आपापल्या भाषांत केलेले व्हिडिओ तीच दाखवत होती. आदिवासींच्या नावानं चॅनेल आलं आणि आदिवासी वस्त्यांच्याच घरातला पडदा गेला. तिला पुन्हा स्वतःची पूर्णवेळ वाहिनी मिळायला २०१२ उजाडलं.

शेवटची गोष्ट झेंड्याची. काळा, लाल आणि मधे पिवळा गोल असा आदिवासी झेंडा हॅरॉल्ड थॉमस यांनी १९७१ मध्ये तयार केला. १९९७ मध्ये कोर्टानं कॉपीराइट त्यांचाच असल्याचं सांगितलं. पुढे त्यांनी कपड्यांवर तो छापण्याचे हक्क एका खासगी कंपनीला दिले, आणि २०१९ मध्ये आदिवासी संस्थांनाच आपला झेंडा वापरला म्हणून नोटिसा जाऊ लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये सरकारनं २ कोटी डॉलरहून अधिक मोजून कॉपीराइट विकत घेतला आणि झेंडा सर्वांना खुला केला. बरेच जण खूश झाले. काहींनी विचारलं, आमचा झेंडा सरकारच्या मालकीचा कसा?

१,००० डॉलरपासून २ कोटींपर्यंत रक्कम वाढली, आणि ती वाढायलाच हवी होती. पण युएन्डुमूचे लोक कॅमेरा सुरू करण्याआधी विचारत, ही गोष्ट सांगायला कोण हजर असलं पाहिजे? सरकारी कागदावर या प्रश्नासाठी अजून रकाना नाही.