थिबा राजवाड्यातील बिऱ्हाड

दिल्लीत सरकारी निवासस्थानी राहणाऱ्या आम्हां रत्नागिरीकरांना कोणी गावाविषयी विचारले, की हापूस आंब्यानंतर सांगावयाची गोष्ट म्हणजे थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाचा राजा तेथे तीस वर्षे कैदेत होता, असे आम्ही बिनदिक्कत सांगतो. हे अर्धेच खरे आहे. राजा तीस वर्षे रत्नागिरीत होता. राजवाड्यात जेमतेम सहा.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतले, १ जानेवारी १८८६ रोजी राज्य खालसा केले आणि सत्तावीस वर्षांच्या थिबाला मद्रासमार्गे रत्नागिरीस आणले. सत्तावीस वर्षांपूर्वी दिल्लीच्या बादशहाला त्यांनी रंगूनला पाठविले होते. आता उलट फेरी. जागेची निवड हिशेबी होती. रेल्वे नाही, पावसाळ्यात बोटी बंद. बरोबर राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण (तीही राणीच) आणि मुली. दोघी मंडालेत जन्मलेल्या, तिसरी मद्रासेत झालेली. चौथी पुढे रत्नागिरीतच जन्मली.

हे बिऱ्हाड साहेबी बंगल्यांत थाटले गेले. राजाला तनखा पुरेना. कर्ज होई आणि मंडालेहून आणलेली माणके विकली जात. चांगल्या घरासाठी त्याने अर्ज केले. ते घर १९१० साली पुरे झाले. आमच्या कचेरीत एखादी फाईल चार वर्षे पडून राहिली, की मला या राजाची आठवण होते.

वाडा मात्र देखणा झाला. तीन मजले, अर्धवर्तुळाकार कमानींच्या कोरीव लाकडी खिडक्या, मधोमध दिवाणखाना आणि समोर भाट्याची खाडी व समुद्र. या वैभवात १९१२ साली धाकटी राणी वारली आणि १९१६ च्या डिसेंबरात राजा. १९१९ साली सुपयालत मुलींना घेऊन ब्रह्मदेशी परतली. थिबाची समाधी रत्नागिरीतच राहिली.

इथे इतिहास संपल्यासारखा वाटतो. पण माझ्या मते घराची खरी गोष्ट पुढेच आहे. थोरल्या राजकन्येचे मन वाड्याच्या द्वारपालावर, गोपाळ सावंतांवर, जडले होते. १९०६ साली त्यांना मुलगी झाली. तिचे नाव टुटू. राजघराण्याला हे किती सलले असेल, याची कल्पना करावी. आईबरोबर ब्रह्मदेशी गेलेली ही राजकन्या तेथे रमली नाही. ती रत्नागिरीस परत आली. बापाला सरकारने आणले होते, हिला कोणी आणले नव्हते. वाडा आता सरकारी झाला होता. त्याच्या पहाऱ्यावर उभे राहिलेल्या माणसाच्या संसारात तिने दिवस काढले आणि १९४७ साली ती वारली.

२०१२ साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन समाधीच्या दर्शनासाठी रत्नागिरीस आले, तेव्हा या घराण्याची वर्तमानपत्रांत पुन्हा चर्चा झाली. टुटू तोवर नव्हत्या; त्या २००० साली, नव्वदी उलटल्यावर गेल्या. रत्नागिरीतच गरिबीत त्यांनी संसार केला, पोरे वाढविली. आजोबांची भाषा त्यांना येत नव्हती. त्या मराठीच बोलत.