‘क्ष’च्या आधीचा ‘या’

एकाकडे ६ घोडे आणि ३०० ची रोकड. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० चं कर्ज. दोघांची ऐपत सारखीच आणि घोडेही सगळे एकाच मोलाचे. मग घोडा केवढ्याला? भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तलं हे उदाहरण. ग्रंथ ११५० च्या सुमाराचा. मराठी शाळेत आम्ही ‘घोड्याची किंमत क्ष मानू’ अशी सुरुवात केली असती. भास्कराचार्य ‘या’ मानतात.

‘या’ हे ‘यावत्तावत्’चं पहिलं अक्षर. यावत्तावत् म्हणजे जितकं असेल तितकं. मराठी कानाला मात्र दारात आलेल्या अनोळखी पाहुण्याचं स्वागत केल्यासारखं वाटतं! मांडणी अशी:

या ६ रू ३००
या १० रू १००

‘रू’ म्हणजे रूप, नुसती संख्या. खालच्या १०० च्या डोक्यावर एक टिंब द्यायचं, म्हणजे ते ऋण. बरोबरचं चिन्ह नाही. दोन ओळी एकाखाली एक आल्या की त्या समान, एवढंच. (दोन आडव्या रेघांचं चिन्ह रॉबर्ट रेकॉर्डने १५५७ मध्ये वापरलं.) आता १० मधून ६ ‘या’ वजा केले, ४ उरले. कर्ज वर नेऊन ३०० त मिळवलं, ४०० झाले. घोडा १०० ला.

घोडे भास्कराचार्यांचे, पण हिशोबाचा सांगाडा बराच जुना. आर्यभटाने ४९९ मध्ये हीच रीत एका श्लोकात बसवली होती. तिथेही दोन माणसं, सारखीच संपत्ती. फक्त घोड्यांच्या जागी ‘गुलिका’, म्हणजे गोळ्या. रोकडीतल्या फरकाला गुलिकांतल्या फरकाने भागा, की झालं. बख्शाली नावाच्या जुन्या गणिती हस्तलिखितात तर अज्ञाताला नावही नाही, त्याच्या जागी शून्याचं टिंब. पण टिंब एकच. दोन-तीन अज्ञातं एकदम आली तर कोणतं कुठलं, हे कसं ओळखायचं? त्यावरचा भास्कराचार्यांच्या परंपरेतला तोडगा मला फार आवडतो: पहिला यावत्तावत्, मग कालक, नीलक, पीतक, लोहितक. काळा, निळा, पिवळा, तांबडा. लिहिताना का, नी, पी, लो. म्हणून एका अज्ञाताचं ते ‘एकवर्ण समीकरण’, आणि जास्तीचं ‘अनेकवर्ण’. देकार्तने १६३७ मध्ये आपल्या वर्णमालेच्या शेपटाकडची अक्षरं अज्ञातांना दिली. त्यातलं एक्स आमच्याकडे क्ष होऊन आलं.

अज्ञात शोधण्याचा हाच खेळ भास्कराचार्यांच्याच ‘लीलावती’त श्रेढीच्या, म्हणजे ठरावीक फरकाने वाढणाऱ्या संख्यांच्या, उदाहरणातही आहे. शत्रूचे हत्ती पळवायला निघालेला राजा पहिल्या दिवशी २ योजनं चालतो, पुढे रोज ठरावीक वाढीने जास्त, आणि ७ दिवसांत ८० योजनं तोडतो. रोजची वाढ किती? ८० भागिले ७ ही मधल्या, म्हणजे चौथ्या दिवसाची चाल. तीतून पहिल्या दिवसाची २ वजा केली की उरतात ६६/७, आणि एवढी वाढ झाली ३ दिवसांत. म्हणजे रोज २२/७ योजनं. हो, वर्तुळाच्या धड्यातला तोच अपूर्णांक, पण इथे वर्तुळ कुठेच नाही. राजा सरळ रस्त्याने चालला आहे.