मृत दात्याची मूठ आणि क्लीव्हलँडचा बँकर

मेलेल्या माणसाची इच्छा शहराने किती काळ पाळावी? अमेरिकेतील एका बँकरला शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाने छळले आणि त्यातून दानाची एक नवीच रीत जन्मली. आजचा धागा तिच्याविषयी.

१८५१ साली सेंट लुईसचे माजी महापौर ब्रायन मलान्फी निवर्तले. पश्चिमेकडे वसाहतीला निघालेल्या आणि वाटेत सेंट लुईसला येणाऱ्या गरीब प्रवाशांच्या साह्यासाठी त्यांनी संपत्तीचा तिसरा हिस्सा ठेवला होता. त्या काळी हे दान शहाणपणाचेच होते, कारण पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा ओघ त्या शहरातून वाहत असे. पुढे रेल्वे आली, तो ओघ आटला. निधी मात्र अटीला बांधलेला राहिला.

इंग्रजी कायद्याच्या परंपरेत याला ‘मृत हात’ म्हणतात. दाता जातो, पण पैशावरची त्याची मूठ सुटत नाही. (आपल्याकडे १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ५५ याच दुखण्यावरचे औषध आहे; पण त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते.)

फ्रेडरिक गॉफ हे क्लीव्हलँडमधील नामांकित वकील. रॉकफेलर त्यांचे अशील. १९०८ मध्ये ते ‘क्लीव्हलँड ट्रस्ट’ या बँकेचे अध्यक्ष झाले. २ जानेवारी १९१४ रोजी त्यांच्या बँकेने ‘क्लीव्हलँड फाउंडेशन’ स्थापन केले. एका धनाढ्याचे नव्हे, तर साऱ्या शहराचे असे हे जगातील पहिले प्रतिष्ठान. अनेकांच्या लहानमोठ्या ठेवी एकत्र करायच्या, गुंतवणूक बँकेने सांभाळायची आणि वाटप पाच जणांच्या समितीने करायचे. त्यांतील दोघे बँकेने नेमायचे, उरलेल्या तिघांची नेमणूक महापौर व न्यायाधीशांकडे. दात्याचा हेतू कालबाह्य झाला, तर तो बदलण्याचा अधिकार या जिवंत माणसांना.

योजना सुरेख होती, पण तिजोरी रिकामी! दाते हयात होते आणि पैसा यायचा तो बहुधा त्यांच्या मृत्यूनंतर. गॉफ यांनी वाट पाहिली नाही. वाटायला पैसा नाही, तर शहराची खरी स्थिती तरी शहरासमोर मांडू, असे त्यांनी ठरवले. लिओनार्ड एअर्स यांच्या नेतृत्वाखाली शाळांची पाहणी झाली; तिचे पंचवीस खंड निघाले.

त्याहून धाडसी होती ती न्यायव्यवस्थेची पाहणी. १९२० मध्ये क्लीव्हलँडच्या नगर न्यायालयाचे मुख्य न्यायाधीशच एका खुनाच्या प्रकरणात अडकले आणि पुढे खोट्या साक्षीबद्दल दोषी ठरले. प्रतिष्ठानाने हार्वर्डहून रॉस्को पाउंड आणि फेलिक्स फ्रँकफर्टर यांना पाचारण केले. फ्रँकफर्टर पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले.

१९२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात पोलीस, वकील, न्यायालये यांपैकी कोणीच सुटले नाही, वृत्तपत्रेही नाहीत. जानेवारी १९१९ च्या पहिल्या पंधरवड्यात शहरातील वृत्तपत्रांनी गुन्ह्यांच्या बातम्यांना ९२५ इंच जागा दिली होती. दुसऱ्या पंधरवड्यात ती ६,६४२ इंचांवर गेली. आणि प्रत्यक्ष गुन्हे? ३४५ वरून ३६३! गुन्ह्यांची लाट रस्त्यावर नव्हती, छापखान्यात होती. तिच्या धास्तीने अधिकारी मात्र न्यायापेक्षा तातडीच्या देखाव्यामागे लागत.

माझ्या मते प्रतिष्ठानाची त्या काळातील सर्वांत मोलाची देणगी हीच. इस्पितळाला खाटा देणारे दाते पुष्कळ होते. आपल्याच शहराच्या प्रतिष्ठितांना दुखावणारी माहिती पदरमोड करून छापणारे विरळा.

एक खोट मात्र राहिलीच. क्लीव्हलँड तेव्हा पोलादाच्या भट्ट्यांचे आणि पूर्व व दक्षिण युरोपातून आलेल्या मजुरांचे शहर होते; त्यांना या समितीवर माणूस निवडून पाठवता येत नव्हता. मृताची मूठ सैल झाली, पण निर्णय गेला तो नेमलेल्या पाच जणांकडे.

तरीही नमुना झपाट्याने पसरला. १९१५ मध्येच शिकागो आणि बोस्टन यांनी तो उचलला. पुढे मुंबईतही याच धर्तीवर ‘बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट’ उभा राहिला. गॉफ १९२३ मध्ये वारले. त्यांचे प्रतिष्ठान आजही क्लीव्हलँडमध्ये कार्यरत आहे.