दंतरोपणावरील कॅप किती मजबूत असते?

छत्तीसगडमधील भिलाई हे रुळांचे शहर म्हणून ओळखले जाते. सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झालेल्या करारातून उभा राहिलेला येथील पोलाद कारखाना भारतीय रेल्वेला रूळ पुरवतो. सिविक सेंटर ही त्याच कारखान्याच्या वसाहतीची मध्यवर्ती बाजारपेठ. रुळांच्या एका प्रचलित प्रतीच्या नावातच ८८० हा आकडा आहे. ते पोलाद तुटण्यापूर्वी किमान ८८० मेगापास्कल ताण सोसते, असा त्याचा अर्थ.

दंतरोपणावर, म्हणजेच इम्प्लांटवर, बसवल्या जाणाऱ्या झिरकोनियाच्या कॅपसाठी साधारणतः ९०० ते १२०० मेगापास्कल असा आकडा दिला जातो. यावरून कृत्रिम दात रुळाहूनही बळकट झाला, असा समज होणे स्वाभाविक आहे. मात्र तो चुकीचा आहे.

पोलादाचा आकडा ओढून केलेल्या चाचणीचा असतो, तर सिरॅमिकचा आकडा गुळगुळीत केलेली छोटी पट्टी वाकवून मिळवलेला. त्याहून महत्त्वाचा गुण म्हणजे चिवटपणा, अर्थात पडलेली भेग पुढे सरकू न देण्याची क्षमता. या मोजमापात रुळाचे पोलाद तिसाच्या आसपास, झिरकोनिया पाचाच्या आसपास, लिथियम डायसिलिकेट दोन ते तीन आणि साधे पोर्सलेन जेमतेम एक भरते. पोलाद तुटण्याआधी थोडे तरी ताणले जाते. सिरॅमिक अशी कोणतीही सूचना देत नाही.

इम्प्लांटच्या बाबतीत हा फरक अधिक जाणवतो. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो. चावताना दात किंचित दबतो आणि जोर जास्त झाल्याची जाणीवही होते. स्वीडनचे संशोधक पर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर वापरलेले टायटॅनियमचे रोपण थेट हाडाशी एकजीव होते. तेथे ही गादी नसते. त्यामुळे सुपारी फोडणाऱ्या किंवा झोपेत दात खाणाऱ्या व्यक्तीच्या कॅपवर जोराचा थेट मारा होतो.

धातूवर पोर्सलेनचा थर चढवलेली कॅप अनेक दशके वापरात आहे. तिचा धातू सहसा तुटत नाही, वरचा थर मात्र टवका उडून निघतो. लिथियम डायसिलिकेट दिसायला सुंदर, म्हणून पुढच्या दातांना पसंत केले जाते. मागच्या दाढांसाठी आता एकसंध झिरकोनिया मोठ्या प्रमाणावर वापरला जातो.

झिरकोनियाच्या बळाचे रहस्य पोलादाशी नाते सांगणारे आहे. भेगेच्या टोकाशी ताण वाढला की तेथील स्फटिकांची रचना बदलते, ते फुगतात आणि भेग दाबून धरतात. कडक पोलाद घडतानाही याच जातीचा स्फटिकबदल होतो. म्हणूनच ऑस्ट्रेलियातील गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी १९७५ मध्ये 'नेचर' नियतकालिकातील आपल्या लेखाला 'सिरॅमिक पोलाद?' असे शीर्षक दिले. त्यातील प्रश्नचिन्ह योग्यच होते. ओलाव्यात हाच बदल हळूहळू नको तेथेही घडू शकतो. निर्मितीची पद्धत बदलल्यानंतर झिरकोनियाच्या कृत्रिम खुब्यांचे गोळे फुटू लागले आणि २००१ मध्ये ते बाजारातून परत घ्यावे लागले. दातासारखी पारदर्शक झाक यावी म्हणून यिट्रियाचे प्रमाण वाढवलेल्या प्रकारांत ओलाव्याचा त्रास कमी असतो. पण त्यांची ताकद ५०० ते ८०० मेगापास्कलपर्यंत उतरते आणि चिवटपणाही घटतो. 'झिरकोनिया' या एकाच नावाखाली हे सारे विकले जाते, ही ग्राहकाच्या दृष्टीने मोठी अडचण आहे.

जाडीचा हिशेबही विसरता येत नाही. वाकणाऱ्या पट्टीची जाडी निम्मी केली तर ती पेलू शकणारा भार चौथाईवर येतो. कॅप बसवल्यानंतर उंच वाटते म्हणून घासली आणि पुन्हा चकचकीत केली नाही, तर खरखरीत पृष्ठभागावर भेगांना सुरुवात मिळते. समोरचा दातही झिजतो. त्यामुळे रुग्णाने केवळ कंपनीचे हमीपत्र न पाहता झिरकोनियाचा प्रकार कोणता, जाडी किती आणि घासल्यावर पॉलिश केले का, हे विचारणे उपयुक्त ठरते.

कॅप न तुटणारी असली तरी जोर नाहीसा होत नाही. तो खालच्या स्क्रूकडे आणि रोपणाकडे जातो. सैल झालेला स्क्रू बहुधा पुन्हा घट्ट करता येतो, टवका उडालेली कॅप बदलता येते. हाडातील टायटॅनियमच तुटले, तर ते शस्त्रक्रिया करून काढावे लागते.