सराटा, बाभूळ आणि हवेचे चाक : पंक्चरचा इतिहास

जून १८९२. फ्रान्समध्ये पॅरिस ते क्लेर्मों-फेराँ अशी सायकल शर्यत चालू आहे. शर्यत भरवली आहे मिशेलिन बंधूंनी. त्यांचा धंदा रबरी टायरांचा. स्पर्धकांच्या चाकांवर टायर मिशेलिनचेच, आणि वाटेत एका टप्प्यावर खिळे पसरून ठेवले आहेत तेही मिशेलिन बंधूंनीच.

आपल्याच गिऱ्हाइकांची चाके आपणच फोडण्यात या कारखानदारांचा काय हेतू असावा? त्याचे उत्तर शोधताना मी फ्रान्सहून थेट माणदेशातल्या काट्यांपर्यंत येऊन पोहोचलो. हा थ्रेड त्या वाटेचा. थोडा लांब आहे, सावकाश वाचा.

आधी एक साधी गोष्ट लक्षात घेऊ. पंक्चर हा सायकलचा जन्मजात रोग नव्हे. १८६० च्या दशकातल्या सायकलींना लाकडी चाके आणि त्यांवर लोखंडी धावा असत. पुढे भरीव रबराचे टायर आले. त्यांत काटा रुतला तरी बिघडत काहीच नसे, कारण निघून जायला आत हवाच नव्हती. त्रास होता तो स्वाराच्या हाडांना. इंग्रजांनी त्या जुन्या यंत्राला ‘बोनशेकर’ म्हटले ते उगाच नव्हे. चाकात हवा भरली, हाडे सुखावली, आणि त्याच क्षणी रस्त्यावरच्या प्रत्येक काट्याला महत्त्व आले.

ही हवा प्रथम कोणी भरली? शाळेत आपण डनलॉपचे नाव पाठ करतो. पण रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश तरुणाने १८४५ मध्येच हवेच्या चाकाचे पेटंट घेतले होते. तेव्हा त्याचे वय अवघे २३. रबर चढवलेल्या कापडाची हवाबंद नळी आणि तिच्यावर चामड्याचे जाड आवरण, अशी त्याची रचना होती. म्हणजे पहिला हवेचा टायर चिलखत घालूनच जन्माला आला. पण त्या वेळी आजच्यासारखी सायकल अस्तित्वातच नव्हती. थॉमसनची चाके घोडागाड्यांना लागली आणि काही वर्षांत विस्मृतीत गेली.

त्यानंतर चार दशकांनी, १८८७ मध्ये, बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच कल्पना नव्याने शोधली. १८८८ मध्ये त्याने पेटंट घेतले. पुढे थॉमसनचे कागद उजेडात आले आणि ते रद्द ठरले. पण तोवर डनलॉपच्या टायरने शर्यती जिंकायला सुरुवात केली होती.

या टायरमध्ये एक मोठी गैरसोय होती. तो चाकाच्या कडीला कापडाने गुंडाळून चिकटवलेला असे. पंक्चर झाले की सगळे सोलून काढायचे, भोक बुजवायचे, पुन्हा चिकटवायचे आणि डिंक वाळेपर्यंत थांबायचे. १८८९ मध्ये असाच एक फाटका टायर घेऊन एक सायकलस्वार क्लेर्मों-फेराँ येथील मिशेलिनच्या कारखान्यात आला. दुरुस्तीला तीन तास लागले आणि वाळायला रात्र. सकाळी एदुआर मिशेलिन स्वतः त्या सायकलवर बसले, आणि थोड्याच अंतरावर टायर पुन्हा बसला. एदुआर हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले गृहस्थ. त्यांनी त्यातून दोन निष्कर्ष काढले. पहिला, हवेच्या चाकासारखे सुख दुसऱ्या कशात नाही. दुसरा, ते कोणालाही, कोणत्याही खेड्यात, थोड्या वेळात दुरुस्त करता आले पाहिजे.

१८९१ मध्ये त्यांचा सुटा होणारा टायर आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शार्ल तेरों हा स्वार या टायरवर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत धावला. वाटेत पंक्चर झाले, दुरुस्त झाले, आणि तरीही सुमारे ७१ तासांत, एकदाही न झोपता, त्याने ती जिंकली. डनलॉपचे टायर वापरणारा त्याचा प्रतिस्पर्धी जवळजवळ आठ तास मागे राहिला.

आता १८९२ चे खिळे आठवा. मिशेलिन बंधूंना ‘आमचा टायर फुटत नाही’ असे मुळी म्हणायचेच नव्हते. ‘टायर फुटणारच, पण बघा, किती लवकर पुन्हा धावू लागतो’ हे त्यांना गावोगावी दाखवायचे होते. माझ्या मते सायकलच्या इतिहासातला हा फार मोठा वैचारिक बदल आहे. अनेक संशोधकांनी काट्यापुढे भिंत बांधली. या दोघांनी काट्याचे येणे गृहीत धरले.

(जाता जाता : १८९८ मधल्या त्यांच्या प्रसिद्ध जाहिरातीत टायरांचा बनलेला एक गलेलठ्ठ माणूस हातात पेला धरून उभा दिसतो. पेल्यात दारू नसून खिळे आणि काचेचे तुकडे आहेत.)

भिंत बांधणारेही थांबले नव्हते. टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये चामड्याच्या, नमद्याच्या, धातूच्या पट्ट्या घालण्याची असंख्य पेटंटे त्या दशकात निघाली. बहुतेकांचा दोष एकच, चाक जड आणि मठ्ठ होई. ज्या मऊपणासाठी हवा भरली तोच नाहीसा होई. आणखी एक तिसरा मार्ग होता. अमेरिकेतल्या बफेलो शहरातून ‘नेव्हरलीक’ नावाचा एक पातळ पदार्थ विकला जात असे. तो ट्यूबमध्ये ओतायचा. भोक पडले की आतली हवाच तो तिकडे ढकलते आणि भोक आपोआप बुजते. आज सायकलच्या दुकानात नवे तंत्रज्ञान म्हणून जे ‘सीलंट’ मिळते त्याची कल्पना शतकाहून जुनी आहे.

युरोपात चाकाचे वैरी मुख्यतः खिळे होते, घोड्यांच्या नालांचे आणि बुटांच्या तळव्यांचे. पण सायकल डांबरी रस्ता सोडून माळावर, पायवाटेवर, कोरड्या मुलखात शिरली की लोखंडाची जागा वनस्पती घेते. इथे या कथेत आपला सराटा प्रवेश करतो.

सराटा, म्हणजेच गोखरू. जमिनीलगत चटईसारखा पसरणारा, पिवळ्या चिमुकल्या फुलांचा. अनवाणी चाललेल्या प्रत्येकाची त्याच्याशी ओळख असते. आयुर्वेदातल्या दशमुळांपैकी हे एक मूळ. त्याचे फळ वाळले की पाच तुकड्यांत फुटते आणि प्रत्येक तुकड्याला दोन लांब, टणक काटे असतात. तुकडा कसाही पडो, एक टोक वर येतेच. संस्कृतात त्याला गोक्षुर म्हणतात, त्यात गायीचे खूर दिसते. अमेरिकनांना त्याच फळात शिंगांचे बोकडाचे डोके दिसले, म्हणून ते त्याला ‘गोटहेड’ म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये ‘ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस’ हे नाव दिले. यातला ‘ट्रिब्युलस’ हा शब्द प्राचीन काळी या काट्यासाठी वापरत, आणि शत्रूच्या घोडदळाच्या वाटेवर फेकायच्या लोखंडी काट्यासाठीही. मिशेलिनच्या खिळ्यांना अशी दोन हजार वर्षांची वंशावळ आहे.

सराटा मूळचा जुन्या जगातला : भूमध्य समुद्राचा परिसर, आफ्रिका, आशिया. तो मेंढ्यांच्या लोकरीत अडकून अमेरिकेत गेला असे मानले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी कॅलिफोर्नियात तो रेल्वेमार्गांच्या कडेने दिसू लागला. नंतर मोटारी आल्या आणि त्याचा प्रसार झपाट्याने झाला. त्याचे इंग्रजी नावच पडले ‘पंक्चरव्हाइन’, पंक्चरची वेल.

इथे जरा थांबू. काटा वाटेवर दबा धरून बसलेला असतो आणि चाक त्याला बळी पडते, असे आपण समजतो. सराट्याच्या बाजूने पाहिले तर चित्र उलटे दिसते. त्याच्या त्या टणक तुकड्याच्या आत बिया असतात. खुरात, लोकरीत किंवा रबरात रुतून दूर जाणे हाच त्याच्या काट्याचा उपयोग. मऊ रबराचे, मैलोन्‌मैल फिरणारे चाक त्याला मिळाले, याहून चांगले वाहन कोणते? ज्या वाटेने सायकली जातात तिच्याच कडेला सराटा का दाटतो, याचे उत्तर यात आहे. वाट आपण काढतो आणि काटेही आपणच वाहून आणतो.

कॅलिफोर्नियात तेल फवारून, उपटून, जाळून पाहिले. वेल हटली नाही. अखेर १९६१ मध्ये अमेरिकी सरकारच्या कृषिशास्त्रज्ञांनी तिचे जुने शत्रू आणून सोडले. भारत, फ्रान्स आणि इटली येथे मूळ असलेले दोन प्रकारचे बारीक सोंडकिडे. एक बी पोखरतो, दुसरा खोड. हवाई बेटांवर त्यांनी मोठे काम केले. मुख्य भूमीवर जिथे हिवाळा कडक तिथे ते फारसे टिकले नाहीत.

आता उलटा प्रवास. १८७७ च्या सुमारास मद्रास इलाख्यातल्या वन अधिकाऱ्यांनी जमैकाहून एका काटेरी झाडाचे बी मागवले. ओसाड जमिनीवर हिरवळ यावी, जळण मिळावे, हा हेतू. ते झाड म्हणजे प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, आपली विलायती किंवा वेडी बाभूळ. आज सोलापूरपासून मराठवाड्यापर्यंतच्या पडीक रानांत, ओढ्याकाठी, तलावांच्या कोरड्या पात्रांत ती माजलेली दिसते. आपला काटा त्यांच्याकडे नकळत गेला. त्यांचा काटा आपल्याकडे मात्र सरकारी टपालाने मागवून आणला गेला. वसाहतकाळातल्या वनधोरणाचा अभ्यास करताना आपण सागवान आणि रेल्वेच्या स्लीपरांबद्दल वाचतो. त्याच धोरणाचा एक तुकडा आपल्या मागच्या चाकात रुततो, हे सहसा ध्यानात येत नाही.

सायकल चालवणाऱ्यांसाठी या दोन काट्यांतला फरक फार कामाचा आहे. सराट्याचा काटा अर्धा सेंटिमीटर किंवा थोडा अधिक. त्याच्यापुढे भिंत चालते : जाड टायर, किंवा टायर आणि ट्यूबमध्ये घातलेली पट्टी. बाभळीचा काटा कित्येक सेंटिमीटरांचा. कुंपणासाठी तोडून ओढत नेलेल्या फांद्यांचे काटे गाडीवाटेवर गळतात आणि त्यांतला एखादा उभा घुसला की पट्टीही भेदून जातो. तिथे मिशेलिनचाच मार्ग उरतो : भोक पडणार हे धरून चालणे.

आपल्याकडच्या पंक्चरवाल्यांनी हे कोणतेही पुस्तक न वाचता ओळखले होते. जुनी ट्यूब उभी चिरून नव्या ट्यूबभोवती अस्तरासारखी घालणे, टायर चिरला असेल तिथे जुन्या टायरचा तुकडा, ‘गेटर’, आतून बसवणे, ही ती भिंतच. शिवाय घमेल्यातले पाणी, कानस, सोल्युशन आणि रबराचा तुकडा, एवढ्या सामानात दहा मिनिटांत चाक पुन्हा उभे. मजुरीवर जाणाऱ्या माणसाची हजेरी बुडणार की नाही, हे त्या दहा मिनिटांवर ठरत असे. मराठीत आपण पंक्चर ‘दुरुस्त’ करत नाही, ‘काढतो’. जणू तोही एक काटाच. आणि खरा कसबी माणूस ट्यूबला ठिगळ लावून थांबत नाही. तो टायरच्या आतून हळूच बोट फिरवतो. काट्याचे टोक मोडून रबरात राहिले असेल तर ठिगळ लावलेली ट्यूब पुढच्याच वळणावर बसते.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या टेकड्यांवर माउंटन बाइक जन्माला आली आणि सायकल मुद्दाम काटेरी वाटांवर जाऊ लागली. तेव्हा हे सगळे जुने उपाय नव्या कपड्यांत परतले. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांनी शोधलेला केव्हलारचा धागा टायरमध्ये विणला गेला : थॉमसनचे चामडे. १९८९ पासून ‘स्लाइम’ हा हिरवा द्रव विकला जाऊ लागला : नेव्हरलीकचा वारस. १९९९ च्या सुमारास माउंटन बाइकसाठी ट्यूब नसलेल्या टायरांची प्रमाणित पद्धत आली. पुढे त्यांत द्रवरूप लेटेक्स घालू लागले. चाक फिरते तेव्हा तो द्रव आतून सगळीकडे पसरतो, भोकाशी हवेबरोबर धावतो आणि तिथे गोठतो.

दख्खनी माळावर फिरणाऱ्यांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे. हा द्रव आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळतो, म्हणून काही महिन्यांनी उघडून पाहावा लागतो. टायरमध्ये द्रव असेल तर काटा उपटल्यावर भोक खाली येईल असे चाक धरावे. द्रव नसेल आणि हवा टिकून असेल, तर काटा लगेच उपटू नये. तोच बुचाचे काम करत असतो. वाटेच्या मधोमध चालवावे, कारण सराटा कडेला दाटतो. आणि काढलेला सराटा वाटेकडेला भिरकावू नये. ती पेरणी होते.

अमेरिकेतल्या बॉइसी शहरात सायकलप्रेमींनी यावरूनच एक उत्सव सुरू केला आहे. २०१८ पासून तिथे ‘गोटहेड फेस्ट’ भरतो. त्याआधी लोक फळे धरलेले वेल मुळासकट उपटून पोत्यांत भरतात आणि त्या वजनावर बक्षीस मिळवतात.

गेल्या दिवाळीनंतर सासवडच्या पुढच्या माळावरून परतल्यावर माझ्या मागच्या टायरमधून सात काटे निघाले. सहा सराट्याचे, एक वेड्या बाभळीचा. पंक्चर झाले ते त्या एकाने. बाकीचे सहा मी कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकले.

आता एक विनंती. सराटा, गोखरू, काटे गोखरू ही नावे माझ्याजवळ आहेत. तुमच्या तालुक्यात या काट्याला आणखी काही म्हणत असतील तर गावाच्या नावासह खाली लिहा.