गाठ लागते का बघू

नेरुळच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझ्या जबड्याखाली दोन बोटं फिरवली. मग मानेच्या दोन्ही बाजू, गळ्याच्या हाडावरची खळगी आणि शेवटी काखा. मिनिटभराचं काम. "किती दिवस झाले? दुखते का? दात कसे आहेत?" एक दाढ महिनाभर ठणकत होती, हे सांगायचं मी विसरूनच गेलो होतो. तीन रात्री मात्र कॅन्सरबद्दल वाचण्यात घालवल्या होत्या. सव्वाशे वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या मुंबईत याच मिनिटभराच्या तपासणीवरून माणसं मारायला आणि मरायला उठली होती.

सप्टेंबर १८९६. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची गोदामं, दाट चाळी आणि उंदीर. तिथे प्रॅक्टिस करणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी तापाने फणफणलेले, जांघेत गाठ आलेले रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असं निदान केलं. (धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर उभा असलेला पुतळा त्यांचाच. मी कितीदा तरी त्याच्या बाजूने गेलोय, नाव कधी वाचलं नव्हतं.) मराठीने या रोगाला 'ग्रंथिक सन्निपात' म्हटलं, बोलीत 'गाठीचा ताप'. इंग्रजीतल्या 'ब्युबॉनिक'च्या मुळाशीही जांघेसाठीचा ग्रीक शब्दच आहे.

जांघच का? पिसू बहुधा पायाला चावते. तिथून शिरलेले जंतू लसिकावाहिन्यांतून जवळच्या लसिकाग्रंथीत जातात आणि तिथे लढाई जुंपते. ग्रंथी ही गाळणी आहे, आणि प्रत्येक गाळणीला आपापला इलाखा आहे: पायाचं जांघेत, हाताचं काखेत, दाताघशाचं जबड्याखाली. आमच्या कामातही एरर दिसते एकीकडे आणि बग असतो भलतीकडे. गावाकडच्या लोकांना हे आधीपासून ठाऊक होतं. पायात काटा मोडून जांघेत गाठ आली की आजी "अवधाण आलंय" म्हणते आणि गाठ सोडून पाय बघते.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला (हाच कायदा २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला गेला). पुण्यात रँडच्या अमलाखाली गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या घरोघर शिरू लागल्या. रोगी ओळखायची खूण काय, तर ताप आणि गाठ. गाठ कुठे शोधायची, तर काखेत आणि जांघेत. बायकांच्यासुद्धा. अवधाण आलेला माणूस आणि प्लेगचा रोगी अंधाऱ्या खोलीत, घाईत, शिपायाच्या डोळ्यांना वेगळे कसे दिसणार? पण संशयितालाही घरातून उचलून नेलं जाई, सामान जाळलं जाई. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. हे शाळेत शिकवतात, पण त्यामागे लसिकाग्रंथी होत्या हे कोणी सांगितलं नव्हतं. मुंबईत मार्च १८९८ मध्ये रिपन रोडच्या मुस्लिम विणकर वस्तीत पुरुष डॉक्टरने मुलीला तपासायला घरच्यांनी नकार दिला, आणि त्यावरून दंगल झाली.

त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या. मुलगा जगला. सावित्रीबाई १० मार्च १८९७ ला प्लेगने गेल्या. स्पर्श तिथेही होताच.

हाफकिनने ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये प्लेगची लस बनवून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून त्याची प्रयोगशाळा परळला. त्याच परळमध्ये १९४१ साली टाटा मेमोरियल सुरू झालं, आणि त्याची संशोधनाची शाखा आज आमच्या खारघरला आहे. गाठीची भीती जणू तीच वाट चालत खाडी ओलांडून आली.

भीतीचं स्वरूप मात्र उलटं झालं. प्लेगची गाठ एक-दोन दिवसांत वाढे आणि हात लावू देत नसे. आज दुखरी, मऊ, बोटाखाली सरकणारी गाठ बहुतेकदा साध्या संसर्गाची असते आणि दोनेक आठवड्यांत ओसरते. जी दुखत नाही, घट्ट आहे, जागची हलत नाही, वाढतच जाते, महिना झाला तरी उतरत नाही, ती दाखवायची. गळ्याच्या हाडावरच्या खळगीत लागली तर वाट न बघता. सोबत वजन घटणं, रात्री घाम, रेंगाळणारा ताप असेल तरीही. आणि आपल्याकडे अशा गाठीचं कारण पुष्कळदा कॅन्सर नसून क्षय निघतं. मानेवर एकमेकींना चिकटलेल्या गाठींची ती जुनी गंडमाळ. सुईने नमुना घेतला की बहुधा उलगडा होतो, आणि औषधांनी ती बरी होते. १९४३ साली सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन क्षयावर चाललं आणि प्लेगवरही. मांडवीच्या रोग्यांना ते पन्नास वर्षं उशिरा मिळालं.

डॉक्टरबाईंनी हात धुतले, दाताच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी लिहिली आणि तीन आठवड्यांनी परत यायला सांगितलं. दाढ काढून आज अकरावा दिवस. गाठ लहान झाली आहे, पण बोट अजून तिथेच जातं.